चिंगीची प्रगती

नव्या बाईंनी सकाळपासून तीन तांबे पाणी संपवलं होतं, तरी घसा आपला कोरडाच. पाणीसुद्धा म्हणे घशाशी येऊन थबकायचं आणि ‘पुढं जाऊ का?’ म्हणून विचारायचं. आज पालकसभा होती. शाळेत रुजू होऊन जेमतेम दोन महिने, आणि वर्गातल्या सदतीस पोरांचे आईबाप पाच-पाच मिनिटं समोर बसणार!

आठवडाभर त्यांनी भाड्याच्या खोलीत तालीम केली होती. खुर्चीवर उशी ठेवायची आणि उशीला सांगायचं, “मुलगा हुशार आहे, पण लक्ष देत नाही.” उशीनं कधी वाद घातला नाही. त्या गावात बाईंचं बोलणं निवांत ऐकणारं तेवढंच एक होतं.

आईबाप काही उशा नव्हते. पण वाघही निघाले नाहीत. कुणी गुणपत्रिका पाहिली, कुणी मनगटावरचं घड्याळ. एका बापानं तर “सगळं ठीक ना?” असं विचारून उत्तराच्या आधीच जिना गाठला. पाठ केलेली वाक्यं बाईंच्या पोटातच राहिली.

पाच वाजता यादी संपली आणि दारात एक म्हातारा उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, केस पाणी लावून बसवलेले. पोरांच्या बुटक्या बाकावर तो गुडघे सावरत बसला.

“आमची चिंगी कशी आहे, बाई?”

बाईंनी मनातल्या मनात हजेरी घेतली. ही चिंगी कोण? घरचं नाव असणार. विचारावं, तर दोन महिन्यांत पोरगी ओळखता येत नाही म्हणून गावभर बोभाटा. बाईंनी सरळ थाप ठोकली.

“हुशार आहे.”

“ते झालंच. आणखी?”

“आणखी... गप्प असते. खिडकीबाहेर बघत बसते.”

“डबा कुणाबरोबर खाते?”

“एकटीच.” हे कुठून आलं ते बाईंनाही कळलं नाही, पण थाप एकदा उताराला लागली की तिला ब्रेक नसतो. “मधल्या सुट्टीत सगळ्यांचे आपापले घोळके. जाऊन बसावं, तर आधी बोलायचं काय? आणि संध्याकाळी खोलीवर गेलं की...” बाई अडखळल्या. “घरी गेलं की, म्हणजे.”

म्हातारा मान हलवत ऐकत होता. घाई त्याला कशाचीच नव्हती.

तेवढ्यात किल्ल्यांचा जुडगा वाजवत शिपाईमामा आले. “आजोबा, आलात का याही वेळेला? अहो, नात आईबापांबरोबर परगावी जाऊन तीन वर्षं झाली की! बाई, तुम्ही मनावर घेऊ नका. हे दर सभेला येतात. आधीच्या बाई हजेरीपट उघडून तिचं नाव नाही ते दाखवायच्या, मग हे उठायचे.”

बाईंचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला.

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. गालात हसला.

“आमची चिंगी एक मिनिट गप्प बसायची नाही हो, बाई. अख्ख्या वर्गाचे डबे फस्त करायची.” दाराशी जाऊन तो वळला. “पण तुम्ही सांगितलीत ती पोरगी भेटली, तर तिला म्हणावं, एकटीनं जेवू नये. अन्न अंगी लागत नाही.”

त्याची पावलं जिन्यावरून सावकाश खाली गेली. शिपाईमामा खिडक्या लावू लागले.

बाईंनी पुढच्या सभेची कोरी यादी काढली. सगळ्यांत खाली पेन्सिलीनं लिहिलं : चिंगी, पाच मिनिटं.

मग पाच खोडून वीस केली.