अक्काच्या फाईलचं नाव

धाकट्या नातीचं बारसं झालं, त्या वर्षी आबांचा जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. पक्षाघातानं वाचा गेलेल्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, आवाज तेवढा त्यात उरला होता. पण घरातल्या वायफायला जोडलेल्या साठवणीच्या डब्यात बॅकअप दरवेळी अर्ध्यावर अडकायचा. तो आवाज वाचवायचाच, म्हणून आबा हटून बसले.

तिसऱ्या दिवशी सुनेला चूक सापडली. “आबा, हे फाईलचं नाव आहे की लग्नपत्रिका? डबा एवढं लांब नाव घेत नाही. छाटा.”

“तिनं मला साठाव्या वर्षी अक्षरं शिकवली. तिचंच नाव छाटू?”

“नाही छाटलंत, तर आवाज जाईल.”

आबांनी एका बोटानं गाव खोडलं, आडनाव खोडलं, ‘श्रीमती’ही खोडलं. ‘अक्का’ तेवढं ठेवलं. बॅकअप पुरा झाला.

अक्का पुढल्या मार्गशीर्षात, दुसऱ्या गुरुवारी वारली.