समेवरचा आवाज

समोरच्या मंदिरात कीर्तन रंगात आलं आणि अण्णांच्या उशाशी ठेवलेलं यंत्र गोड आवाजात म्हणालं, "अण्णा कण्हत आहेत. झोपेचं औषध सोडते."

"अहो, थांबवा ते आधी!" मृदुला स्वयंपाकघरातून धावत आली. "नीट ऐका जरा. कण्हणारा माणूस बरोब्बर समेवर कण्हतो होय?"

तिच्या नवऱ्याने, विश्रामने, औषधाची नळी बंद केली आणि कान दिला. बाहेर मृदंगावर थाप पडली, तशी अण्णांच्या गळ्यातून "हूंऽ" आलं. पुन्हा थाप, पुन्हा हूंऽ. जन्मभर कीर्तनं केलेल्या आणि अर्धांगवायूच्या झटक्याने वाचा गेलेल्या त्याच्या वडिलांचा तो हुंकार होता.

यंत्र घरी आलं तेव्हा प्रत्येक आवाजाला त्याने विश्रामला विचारलं होतं, हा उसासा, हुंदका, हुंकार की कण्हणं? विश्राम कामाच्या घाईत होता. शंका आली होती त्याला, नाही असं नाही. पण कण्हणं म्हटलं की यंत्र औषध सोडायचं आणि घर शांत होत होतं. तेव्हापासून रोज कीर्तन सुरू झालं की अण्णा झोपायचे, आणि हा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा, "कीर्तन कानावर पडलं की काय गाढ झोप लागते त्यांना!"

त्याने अण्णांच्या पायांवर डोकं टेकलं. त्याच्या घशातून काहीतरी फुटून बाहेर आलं.

"हा आवाज नवा आहे," यंत्र म्हणालं. "काय नोंदवू?"

बाहेर थाप पडली नव्हती, तरी अण्णांनी हुंकार भरला.