गोठ्याचा चुना

दिवाळीसाठी घर पोतारताना चुन्यानं पुष्पाच्या दोन्ही हातांची कातडी सोलवटून निघाली. सौंसरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "साबण-सोडा बंद. पाण्यात हात घालू नका. रोज खोबरेल तेल लावा, कातडी आपोआप भरून येईल."

तिचं तिला तेल चोळता येईना. म्हणून तिचा नवरा श्रावण रेल्वेच्या गँगमधून घरी आला, की भाकरी स्वतःच थापायचा, जाड आणि करपलेली. मग तेलाची वाटी घेऊन तिच्यासमोर बसायचा आणि एकेक बोट हातात घेऊन हळूहळू तेल जिरवायचा. तिगावच्या रुळांवर दिवसभर काय झालं ते सांगायचा. पुष्पा भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायची. लग्न होऊन आल्यापासून ती अशी टेकून कधी बसलीच नव्हती.

एका संध्याकाळी त्यानं तिचे तळवे उलटसुलट करून पाहिले.

"झाले वं तुये हात बरे. आता तेलाचं काही काम नाही." टॉवेलला हात पुसत तो चौकात पत्ते खेळायला निघाला. दारातून म्हणाला, "भाकरी टाकून ठेवजो."

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला, तेव्हा पुष्पा अंगणात बसून उरलेला चुना बादलीत कालवत होती. हातानंच.

"आता काय पोतारून राहिली?"

"गोठा राहिला होता."

"गोठ्यात तर जनावरच नाही आता."

"माहीत हाय मले," म्हणत पुष्पानं दोन्ही हात पुन्हा बादलीत घातले.