पदर आत

बॅगेची चेन ओढण्याआधी अनुष्काने सगळ्यात वरची साडी सहज उचलली आणि ती तशीच उभी राहिली. साडीचा पदर दिसत नव्हता. तो घडीच्या आत गेला होता.

तिने खालची साडी पाहिली. तिचाही पदर आत. तिसरीचाही. हैदराबादची परिषद तीन दिवसांची, म्हणून साड्या तीन. विमान उद्या सकाळचं.

स्वयंपाकघरात आई सुक्या जवळ्याची चटणी डब्यात भरत होती. देशभरचे प्रोटीनवाले एका हॉलमध्ये जमणार आणि त्यांच्यात आपल्या लेकीच्या बॅगेला जवळ्याचा वास येणार, याचं तिला काहीच वाटत नव्हतं. मुळात लेकीचं संशोधन तिने केव्हाच आपल्या घरचं करून टाकलं होतं. प्रोटीन म्हणजे लांबच लांब साखळी, तिची घडी नीट पडली तरच ती कामाची, असं अनुष्काने एकदा समजावलं, तेव्हा आई म्हणाली होती, "म्हंजे साडीच की." तेव्हापासून नवघरच्या त्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं की तिसऱ्या मजल्यावरची अनुष्का घड्यांवर भाषण द्यायला चाललीय. समोरच्या हिनाबेनने तर जिन्यात थांबवून विचारलं होतं, "साडी फोल्ड करने की भी मीटिंग होती है क्या?"

भाषणातली पुढची गोष्ट मात्र अनुष्काने घरी कधी सांगितली नव्हती. मेंदूतल्या एका प्रोटीनची घडी चुकली, की ते शेजारच्या धडधाकट प्रोटीनलाही तशीच चुकीची घडी पाडतं. मग तिसऱ्याला. माणूस हळूहळू हातातलं काम विसरत जातो आणि आपण विसरतोय हे त्याला कळत नाही. काही घराण्यांत हे आईकडून लेकीकडे येतं. कुणाला साठीत गाठतं, कुणाला पस्तिशीच्या आत.

तिच्या भाषणात 'नमुना क्रमांक चार' म्हणून जिचा उल्लेख होता, ती मोरव्याची शेवंतीमावशी, आईची सख्खी बहीण. तिची सुरुवात साड्यांपासून झाली होती. ती पदर आत घेऊन घड्या घालायला लागली. आईच्या माहेरी तशी घडी फक्त गेलेल्या बाईच्या साडीची घालतात, म्हणून सगळे तिच्यावर ओरडले. आठ महिन्यांनी घरच्यांनीच तिच्या सगळ्या साड्यांच्या घड्या तशा घातल्या.

आईचं रक्त तपासून घ्यायचं अनुष्का दोन वर्षं टाळत आली होती. आता तिने स्वयंपाकघराकडे हाक मारली.

"आई, जरा इकडे ये ना."

"डबा भरतेय, थांब." मग आई हात पुसत आली. "काय झालं?"

अनुष्काने कपाटातली एक साडी काढून पलंगावर मोकळी टाकली. "हिची घडी घालून दे. मला जमत नाहीये."

आईने तिच्याकडे एकदा पाहिलं. साडी उचलली, काठाला काठ लावला, झटकली, दुमडली, पुन्हा दुमडली. शेवटची घडी पडली आणि पदर ऐटीत वर आला. कुठे एक सुरकुती नाही.

अनुष्का पलंगावर बसली. तिला इतकं हलकं वाटलं की हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"मग ह्या तिघींना काय झालं होतं गं?" तिने बॅगेकडे बोट केलं. "सगळ्यांचे पदर आत घातलेस. केवढी घाबरले मी."

आई हसली नाही.

"त्या मी न्हाय घातल्या."

"असं काय करतेस? सकाळी इथे बसून तूच घातल्यास ना."

सकाळचं अनुष्काला अगदी स्वच्छ आठवत होतं. ती खिडकीत बसून भाषणाचे कागद वाचत होती आणि आई पलंगावर बसून घड्या घालत होती. आधी पिवळी, मग निळी, मग मोतिया.

"मी दारात उभी व्हते," आई म्हणाली. "घड्या तू घालत व्हतीस."

गल्लीतून पाण्याचा टँकर मागे मागे येत होता. त्याचं रिव्हर्सचं गाणं संपलं.

"गणपतीपासून बघतेय," आई खालच्या आवाजात म्हणाली. "तू कामावर गेलीस का कपाट उघडते नि सगळ्या सरळ करून ठेवते. आज तेवढं राहून गेलं. म्हटलं, तुझं भाषण होऊन जाऊ दे, मग सांगीन."

अनुष्काने कॅलेंडरकडे पाहिलं. डिसेंबर लागला होता.

आईने बॅगेतली निळी साडी काढून उलगडली आणि एक टोक तिच्या हातात दिलं. "धर. दोघी मिळून घालू."

दोघींनी साडी ताणली. काठाला काठ लावला. अनुष्का एकेक घडी मनात म्हणत, अगदी जपून घालत होती. लहान मुलीने पाटीवर गिरवावं तशी. दुमडत दुमडत ती आईपाशी आली. पदराचं टोक तिच्याच हातात राहिलं होतं. तिने ते हळूच आत सरकवलं, वरून तळव्याने साडी सारखी केली आणि मान वर करून विचारलं, "आता बरोबर आहे ना?"

आईने तिच्या हातातून साडी घेतली.

"बरोबर हाय," ती म्हणाली.