आडवं काय आलंय?

“आज शेवटचं, सहदेव,” सुमतीबाई गच्चीच्या दारातूनच म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत लिंक लागली नाही, तर उद्या ठाण्याहून दुसरा माणूस येतोय. तुमच्या मालकांना मी तसं कळवलंय.”

मालकांनी सकाळीच सहदेवला पुढचं ऐकवलं होतं. दुसरा माणूस आला, तर सोमवारपासून येऊ नकोस. सुमतीबाई तरी काय करणार? त्या ऑफिसच्या मॅनेजर. कंपनीचा कारखाना तीन किलोमीटरवर, एमआयडीसीत. तिथून कुठला ट्रक काय माल घेऊन सुटला, हे इथे डोंबिवली स्टेशनजवळच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर दिसायला हवं. टेलिफोनची लाइन महिन्यातले दहा दिवस मेलेली, म्हणून कंपनीने सहदेवच्या मालकांकडून बिनतारी लिंक घेतली होती. एक अँटेना इथे गच्चीवर, दुसरी कारखान्याच्या छपरावर. दोघींनी दिवसभर एकमेकींकडे बघायचं, एवढंच त्यांचं काम. आणि गेले तीन आठवडे त्या एकमेकींचं तोंड बघायला तयार नव्हत्या.

सहदेवने काय करायचं बाकी ठेवलं होतं? केबल बदलली. गंजलेले कनेक्टर काढून नवे बसवले. पाणी शिरू नये म्हणून सांध्यांना टेप गुंडाळली. पाच मजले, लिफ्ट नाही, वर ऑक्टोबरचं ऊन. लिंक तासभर चालायची आणि मग ये रे माझ्या मागल्या. गेले दोन दिवस तर तेवढीही नाही. तक्रारवहीत रोज नवं कारण लिहायचं आणि खाली उतरायचं. त्याचे पाय भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर मनही विटलं होतं.

घरी चाळीतली एक खोली. नळ गल्लीच्या टोकाला. अकरा वर्षं कलावती तिथून पाणी आणत होती, आणि बादलीसुद्धा हंड्यासारखी कमरेवर घेऊन. सगळी चाळ तिला हसायची. “कडी धरून हात तुटतो,” ती म्हणायची, “कंबर कधी तुटली नाही.” तीन वर्षांपूर्वी दोघांनी आजदे गावाजवळ एका इमारतीत चौथ्या मजल्यावर घर घेतलं. घेतलं म्हणजे कागदावर. बिल्डरने चार खांब उभे केले आणि जो गायब झाला तो दोन वर्षं. सहदेव दर रविवारी जाऊन त्याच्या ऑफिसात ठाण मांडायचा. शेवटी उन्हाळ्यात काम हललं. पण हल्ली त्याला तिकडे फिरकायलाही जमलं नव्हतं.

“भिंती चढल्यात. एकदा येऊन बघा तरी,” कलावती रोज रात्री म्हणायची.

“लिंक लागू दे. मग येतो,” तो रोज म्हणायचा.

आता एकच उपाय उरला होता, आणि तो सगळ्यांत जुना. जानेवारीत जागा नक्की करताना त्याने तोच केला होता. कारखान्याच्या छपरावरून आरसा चमकवायचा. इथून चमक दिसली, की मधली वाट मोकळी. तेव्हा चमक लख्ख दिसली होती. फॉर्मवर ‘मार्गात बांधकाम होण्याची शक्यता’ असा एक रकाना होता. त्यात सहदेवने बिनदिक्कत ‘नाही’ लिहिलं आणि खाली सही ठोकली. दोन-तीन ठिकाणी गंजक्या सळयांचे खांब दिसले होते, नाही असं नाही. पण असले खांब कधी वर जात नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

“पोपट, धर आरसा,” तो वॉकीटॉकीत म्हणाला. पोपट म्हणजे कारखान्याचा इलेक्ट्रिशियन. गेला तासभर तो तिकडच्या छपरावर उभा होता.

“धरलाय रे! हलवतोय पण. माझेच डोळे दिपले. दिसतंय काय?”

काहीच दिसत नव्हतं. सहदेवने दुर्बीण डोळ्यांना लावली. कारखान्यांचा पिवळट धूर, पाण्याच्या टाक्या, गच्च्यांवरचे कपडे. आणि नेमकी त्या रेषेत एक नवी इमारत. बांबूची परांची, कच्च्या विटा. पाठमोरी होती, ओळखीची वाटली नाही. त्याने मजले मोजले. चार. चौथ्यावर, खिडकीच्या रिकाम्या चौकोनात, एक बाई मगाने भिंतीवर पाणी मारत होती. असेल कोणी मजूर. पाणी संपलं तशी ती वाकली, बादली उचलली आणि कमरेवर घेतली.

सहदेवने दुर्बीण काढली, डोळे पुसले, पुन्हा लावली.

वॉचमन पाणी मारत नाही, भिंत कच्ची राहील, म्हणून दुपारची मीच जाते, असं कलावती मागे एकदा म्हणाली होती. त्याने झोपेतच हं म्हटलं होतं.

त्याला आधी आनंदच झाला. इतका, की स्वतःचीच लाज वाटली. भिंती खरंच चढल्या होत्या. मग त्या ‘नाही’खालची सही आठवली.

“अरे बोल की! काय आडवं आलंय?” पोपट ओरडत होता. दारात सुमतीबाई उत्तरासाठी थांबल्या होत्या. तक्रारवहीत अजून एखादं खोटं कारण खपून गेलं असतं. एक दिवस ढकलला गेला असता.

सहदेवने बटण दाबलं.

“आरसा ठेव खाली, पोपट. मधे माझं घर आलंय.”