डावी बरगडी

मॅनेजर ओलेंडर तोंडावर टोपी धरून बोलत होता. म्हणजे हुकूम काय सुटतोय, ते मैदानातल्या सगळ्यांना कळलं.

"डाव्या बरगडीत," तो म्हणाला. "डोक्यात नको. आपण काही रानटी नाही."

त्याच्या बेसबॉल संघात चेंडू फेकणाऱ्या, म्हणजे पिचर असलेल्या, लाइल टीमनने मान हलवली. थोड्या वेळापूर्वी समोरच्या संघाच्या पिचरने ओलेंडरच्या सगळ्यात चांगल्या बॅटरच्या पाठीत चेंडू घातला होता. आता लाइलने त्यांच्या सगळ्यात चांगल्या बॅटरला घालायचा. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, म्हणूनच तो कुणी मोडत नाही. अडचण एवढीच होती की त्यांचा सगळ्यात चांगला बॅटर म्हणजे कर्टिस हेनी. आयोवातल्या एकाच गल्लीत दोघं वाढले, मध्ये एक कुंपण. लाइलला चेंडू धरायला शिकवला तो कर्टिसच्या वडिलांनी. सप्टेंबरात लाइलचं लग्न ठरलं होतं ते कर्टिसच्या बहिणीशी. आणि कर्टिसची आई या क्षणी जाळीमागे, पहिल्या रांगेत, मांडीवर दोन चॉकलेट केक घेऊन बसली होती. एक मुलाला, एक जावयाला.

"दुसरा कुणी बॅटर नाही चालणार?" लाइलने विचारलं.

"चालेल की. दुसरा पिचरही चालेल," ओलेंडर म्हणाला. "सकाळची बस तुझ्या गावावरूनच जाते."

बसची धमकी नवी नव्हती. पगार घेऊन चेंडू फेकायला लागून लाइलला दोन हंगाम झाले होते. त्याच्याइतका वेगवान हात त्या लीगमध्ये दुसरा नव्हता, आणि चेंडू कुठे जाईल हे त्या हातालाही ठाऊक नसायचं. बॅटरच्या मागे बसून कॅचर ग्लोव्ह धरायचा, लाइल त्या ग्लोव्हकडे डोळे फाडून बघायचा, आणि चेंडू तिसरीकडेच जायचा. मे महिन्यात एका चेंडूने जाळीवरून जाऊन सॉसेजवाल्याची मोहरीची बरणी फोडली. तीन चेंडू नेमके पडले, म्हणजे तीन स्ट्राइक झाले, की बॅटर बाद; चार बाहेर गेले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर. लाइलच्या कृपेने त्या उन्हाळ्यात अर्ध्या लीगने हा प्रवास करून घेतला होता.

कॅचर मर्डकने जाता जाता त्याच्या खांद्यावर थाप मारली. "एरवी चुकून लावतोस. आज ठरवून लाव. सोपं आहे, लेका."

सोपं होतंच. चेंडू मारला तर सप्टेंबरात त्या गल्लीत तोंड दाखवायचं. नाही मारला तर उद्याच.

कर्टिस बॅट घेऊन उभा राहिला. सुरुवात त्याच्याच पिचरने केली होती, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला पक्कं माहीत होतं. त्याने डावा कोपर अंगाशी घेतला आणि हसायचा प्रयत्न केला.

"उरका लवकर, दाजी!" तो ओरडला. "केक वितळतोय!"

"सांभाळून हं, बाळा!" जाळीमागून त्याची आई म्हणाली. कोणत्या बाळाला, ते तिने सांगितलं नाही.

लाइलने हात मागे नेला. चेंडू बॅटरसमोरच्या प्लेटच्या मधोमध गेला. कर्टिस जागचा हलला नाही. तो मार खायच्या तयारीत होता, मारायच्या नाही. पंचालाही "स्ट्राइक" ओरडायला जरा उशीरच झाला.

दुसरा चेंडू. पुन्हा मधोमध.

"बहिरा झालास का रे?" बाकावरून ओलेंडर गरजला.

तिसऱ्याला कर्टिसने बॅट फिरवली, पण तोवर चेंडू मर्डकच्या ग्लोव्हमध्ये पोचला होता. कर्टिस बाद. मग जो तो उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

सामना संपल्यावर कर्टिसने त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली. "गाढवा, नोकरी गेली असती तुझी. माझ्यासाठी?"

लाइल काही बोलला नाही. त्याचं हे गप्प राहणं लोकांना फार आवडलं. कर्टिसच्या आईने डोळे पुसले आणि दोन्ही केक त्यालाच दिले. गावच्या पेपरात मैत्रीवर अग्रलेख आला. रविवारी पाद्रीबाबांनी त्याच विषयावर प्रवचन केलं, आणि होणाऱ्या बायकोने फोनवर सांगितलं की आपला माणूस काय आहे हे तिला आता कळलं.

ओलेंडरने त्याला खोलीत बोलावलं.

"हुकूम मोडलास. खरं तर हाकलायला हवं," तो म्हणाला. "पण लागोपाठ तीन स्ट्राइक तू जन्मात टाकले नव्हतेस. कसे टाकलेस?"

"माहीत नाही."

"मग शुक्रवारी तसेच टाक. नाही जमलं तर बस आहेच."

शुक्रवारी विरुद्ध संघ वेगळा होता. समोर एक कोवळा पोरगा बॅट घेऊन उभा राहिला. त्याने छातीवर क्रूस काढला आणि टोपी उचलून लाइलला नमस्कारही केला. मैत्रीची गोष्ट त्याच्याही कानावर गेली असावी. लाइलने ग्लोव्हकडे डोळे फाडून बघितलं. पहिला चेंडू पंचाच्या डोक्यावरून गेला. दुसरा जमिनीवर आपटला. तिसरा चेंडू बघून सॉसेजवाल्याने बरणी खाली ठेवली. बाकावर ओलेंडर उठून उभा राहिला.

मग लाइलने ग्लोव्हवरची नजर काढली आणि, कर्टिससमोर तीनदा धरला होता तसाच, त्या पोराच्या डाव्या बरगडीवर नेम धरून जीव खाऊन चेंडू फेकला.

"स्ट्राइक!" पंच ओरडला.