जसं आहे तसं

कुमुदिनीबाईंचे कृत्रिम डोळे नवी थीम, म्हणजे जग दाखवायची नवी रंगसंगती, बसवण्यासाठी बंद झाले आणि हेमांगी आईचा हात धरून स्वयंपाकघरात बसून राहिली.

चार वर्षं आई कंपनीने दिलेल्या एकाच थीममधून जग बघत होती. त्या थीममध्ये सगळं गुळगुळीत आणि गोरंगोमटं दिसायचं, कांदा करपला तरी गुलाबीच. थीम बदलायची सोय नव्हती, कारण रंगांचे आकडे कोडमध्ये हजारो ठिकाणी विखुरले होते. त्याच कंपनीत काम करणाऱ्या हेमांगीने सहा महिने जागून ते वेचले, एका फाइलमध्ये आणले. एखादा जरी निसटला असेल, तर डोळे पुन्हा सुरूच होणार नव्हते.

"झालं का गं?"

"होतंय, आई."

बुबुळं हलली. नव्या यादीतून आईने 'जसं आहे तसं' ही थीम निवडली. तिने हळदीच्या डब्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि तिचा चेहरा पडला.

"अगं, डोळ्यांखाली केवढी काळी वर्तुळं ही! आणि मला रोज सांगतेस, झोप छान झाली म्हणून?"

हेमांगीला रडता रडता हसू फुटलं. आता आईशी खोटं बोलायची सोय उरली नव्हती.